ओळखा पाहू, ताई कुठे आहेत

४ तारीख, सोमवार

सामानापाशी बसणाऱ्या बायांनो,

प्रत्येक सहलीत एक बाई सामानापाशी बसलेली असते. बाकीचे डोंगर चढून येतात, बोटीतून फिरून येतात, समुद्रात भिजून येतात. ही सगळ्यांच्या चपला राखते. फोटोत ती नसते, कारण एक तर ती फोटो काढत असते, नाहीतर पिशव्यांवर हात ठेवून बसलेली असते. परत आलेले तिला विचारतात, "मजा आली ना?" आणि ती म्हणते, "हो." त्या "हो"शी माझं भांडण आहे!

हे इंटरनेटवरच्या माझ्या पानावर टाकायला लिहिलं. उतरलं बरं. उद्गारचिन्ह काढावं का? राहू दे. जन्मभर कर्मचारी संघटनेच्या व्यासपीठावर उभी राहिले, उद्गारचिन्हाशिवाय मला दम लागतो.

तर पोचले. पाठीवर एक पिशवी, हातात मोबाईल, वय निवृत्तीच्या पलीकडचं. चौथ्या मजल्यावर स्वस्तातलं हॉस्टेल आहे. लिफ्ट आहे, पण तिच्या दाराला दोरी बांधलेली. बायकांच्या खोलीत दुमजली पलंग, प्रत्येकाला पडदा. मला वरचा पलंग मिळाला होता. ती लोखंडी शिडी पाहून गुडघ्यांनी तिथल्या तिथे संप पुकारला.

तेवढ्यात खालच्या पलंगावरचा पडदा बाजूला झाला आणि आतून चक्क आपल्या भाषेत आवाज आला, "ताई, तुम्ही खाली झोपा. मी जाते वर."

एवढ्या दूर, एवढ्या भाषांच्या गलबल्यात, "ताई"! मला गहिवरून आलं. तिशीची असेल. सडपातळ, लांब वेणी. मी तिचं नाव विचारलं तर हसून म्हणाली, "वरची म्हणा." म्हटलं, छान! बाप नाही, नवरा नाही, गाव नाही, जात नाही. वरची. मी व्याख्यानांतून जे मागत आले ते हिनं एका शब्दात करून टाकलं.

५ तारीख, मंगळवार

ही गल्ली म्हणजे एक जिवंत ग्रंथालय आहे. एकाही दुकानाची पाटी एकाच लिपीत नाही. इस्त्रीचं दुकान, त्याला लागून मोबाईल दुरुस्ती, समोर चष्म्याचं दुकान, त्याच्या पाटीवर माणसाएवढा रंगवलेला चष्मा. तिघे मालक तीन धर्मांचे, चौथ्याच भाषेत भांडत होते. भांडण दुकानासमोर कुणाची स्कूटर उभी राहणार यावरून. देशोदेशींचे विचारवंत सहजीवनावर जाडजूड पुस्तकं लिहून दमले. इथे ते स्कूटरवरून सुटतं.

फोटो टाकले आणि खेळ सुरू केला. हा खेळ लेकीनं सुचवलेला. गावाचं नाव सांगायचं नाही, फोटोखाली फक्त लिहायचं, "ओळखा पाहू, ताई कुठे आहेत?" मैत्रिणी तुटून पडतात. बसचा रंग, विजेच्या खांबाची घडण, फुटपाथच्या फरशीची नक्षी, कशावरून काय शोधतील नेम नाही. ज्या बायकांना कपाटातली साडी शोधताना नवरा "आंधळी आहेस का" म्हणतो, त्या एका खांबावरून शहर सांगतात!

ह्यांचा फोन आला. हेसुद्धा खेळतात आणि दर वेळी चुकतात.

"या खेपेला नक्की सांगतो," म्हणाले. "तू आपल्या मावसभावाच्या गावाला आहेस."

"अहो, तिथे समुद्र नाही."

"तुझ्या फोटोत तरी कुठाय?"

"तो माझ्या पाठीमागे आहे, म्हणून दिसत नाही."

"समुद्राचं ठीक आहे. फोटोत तूही दिसत नाहीस, ही तक्रार मी कुठे करायची?"

वरचीबद्दल जरा लिहून ठेवते, लेखाला उपयोगी पडेल. तिच्याकडे एकच पिशवी आणि तीही अर्धी रिकामी. मोबाईल आहे, पण त्यात सिम नाही. फोटो एकही काढत नाही. रोज वेगळ्या वाटेनं येते म्हणे. झोपतानाही बूट पलंगाच्या कठड्याला लेस बांधून टांगलेले, हात लांबवला की पायात. मी म्हटलं, "कधीही उठावं आणि निघावं, अशी तयारी दिसते!" ती म्हणाली, "हो ताई, तसंच." याला म्हणतात प्रवास. आपण नुसते चार जोड कपडे आणि सोबत घरची चिंता घेऊन हिंडतो.

७ तारीख, गुरुवार

आज फार काही घडलं, नीट लिहिते.

वरची खालच्या इस्त्रीच्या दुकानात काम करते! फिरता फिरता काम, हा जगभरातल्या तरुण मुलांचा नवा रिवाज आहे, मी वाचलेलं आहे. दुकानदारीण जाडजूड, गळ्यात टेप, बोलणं अखंड. तिची भाषा मला कळत नाही, माझी तिला नाही, तरी आमच्या अर्धा तास गप्पा झाल्या. दुकानाच्या मागे पडदा, पडद्यामागे वाफेचा बंब आणि कपड्यांचे गठ्ठे. वरची तिथेच उभी असते. म्हटलं, पुढे ये, गल्ली बघ, वारा घे. तर म्हणाली, "मागेच बरं वाटतं."

या महिन्यातच लागली आहे कामाला. डाव्या हातावर कोपराखाली इस्त्रीच्या टोकाचा डाग आहे, तिकोनी, पांढरा पडलेला. कामच तसलं, भाजायचंच.

दुपारी आम्ही हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात चहा केला. बेसिनवर पाच लिप्यांत "आपली भांडी आपण धुवा" लिहिलंय आणि बेसिनमध्ये पाच देशांची खरकटी भांडी. वरची खिडकीच्या कट्ट्यावर बसली. बाहेर ऊन, समोर तो रंगवलेला चष्मा अर्धा दिसतोय, तिच्या पाठीवर वेणी, हातात कप. काय चित्र होतं!

"तुझा फोटो काढू का?"

"नको ताई."

"का गं?"

"नको. मी बरी दिसत नाही."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "हेच! हेच शिकवलंय आपल्याला! बरी दिसत नाही, बरं बोलत नाही, बरं वागत नाही. अगं, कुणाच्या मापानं? तुझ्या मनातली ही जी सासू बसलीय ना, ती आधी बाहेर काढ." बरंच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही फार छान बोलता. माझी आई तुमच्यासारखं बोलली असती तर बरं झालं असतं." आणि परत खिडकीकडे तोंड करून बसली.

मी मागून फोटो काढला. चेहरा येत नाही, तेव्हा तिला संकोच व्हायचं कारण नाही. खाली लिहिलं: "तिनं जगाकडे पाठ केली, तेव्हा कुठे तिला स्वतःचं तोंड दिसलं. ओळखा पाहू, आम्ही कुठे आहोत?"

तिला दाखवणार होते, पण ती कामावर गेली होती.

८ तारीख, शुक्रवार

काय सांगू! सकाळी मोबाईल उघडला तर तो गरम झालेला. कालचा फोटो कुठल्या कुठे गेला आहे. ज्या गटांतून मला "भांडकुदळ" म्हणून काढून टाकलं होतं, तिथूनच तो मला परत आला. एकीनं माझं वाक्य फोटोवर छापून, कडेला गुलाब चिकटवून "शुभ सकाळ" करून पाठवलं. गुलाब नको होता, पण असो.

खेळही रंगला. "चाफा" नावाची एक नवी मैत्रीण आली आहे. नावाच्या जागी फुलाचं चित्र. तिच्याइतकी चिकाटी कुणाची नाही. बाकीच्या शहराच्या नावावर थांबल्या, हिनं अर्ध्या चष्म्यावरून गल्ली काढली! मला खासगीत लिहिलं: "ताई, तुमचे विचार वाचून अंगावर काटा येतो. माझी एक बहीण अशीच होती, मोकळी. त्या फोटोतल्या ताई कोण? किती शांत वाटतात. तुमच्याच खोलीत असतात का?"

किती प्रेमानं विचारलंय. मी लिहिलं, "गल्ली बरोबर! शाबास! आता मजला ओळख." ती म्हणाली, "तिसरा?" मी म्हटलं, "एक पायरी वर ये." खेळ म्हणजे थोडी सूचना द्यावीच लागते.

हे फोनवर म्हणाले, "ही चाफा तुझं काही वाचत नाही गं."

"काहीतरीच काय! अंगावर काटा येतो म्हणाली."

"तुझ्या जुन्या एकाही लेखाखाली ती नाही. फक्त त्या खिडकीच्या फोटोखाली आहे. दहा वेळा."

"तुम्हाला शहर ओळखता येत नाही, म्हणून जळता."

"असेल बुवा," म्हणाले.

१० तारीख, रविवार

मला काही कळेनासं झालं आहे.

मॅनेजर उत्साही माणूस. त्यानं तो फोटो छापून दाराजवळच्या त्याच्या टेबलामागे भिंतीवर चिकटवला. "आमचं हॉस्टेल प्रसिद्ध! तुमच्यामुळे!" मला त्यानं फुकट बिस्किटांचा पुडा दिला. मी पुडा घेऊन उभी असतानाच वरची जिन्यावरून आली. तिनं भिंतीकडे पाहिलं. पहिल्यांदा तिनं डाव्या हाताची बाही खाली ओढली, मग फोटो ओढून काढला. मॅनेजर "अरे अरे" करत राहिला.

खोलीत आल्यावर मी म्हटलं, "अगं, चेहरा कुठे आहे त्यात? तुला कोण ओळखणार?"

ती पिशवी भरत होती. म्हणाली, "ताई, ज्यानं ओळखू नये असं मला वाटतं ना, त्यानं माझी पाठच जास्त बघितली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

"मला सांग तरी. मी वकील मिळवून देईन, मोर्चा काढीन, मी या विषयावर गावोगाव बोलले आहे—"

"मी नको म्हटलं होतं," ती म्हणाली. ओरडली नाही. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. भांडणात मी आजवर हरलेली नाही. पण हे एवढंच म्हणाली आणि बुटांच्या गाठी सोडायला लागली.

मी पलंगावर बसून राहिले. "नाही म्हणायला शिका" हे माझं सर्वांत गाजलेलं व्याख्यान. सभागृहं उभी राहून टाळ्या वाजवतात. ते ऐकून कुणीतरी मला खरंच नाही म्हटलं, तर काय करायचं, यावर मी एक ओळही तयार केलेली नव्हती.

मग चाफाचं सगळं तिला वाचून दाखवलं. "एक पायरी वर ये" हे वाक्यही वाचलं. तिनं विचारलं, "बहीण म्हणाला?" मी म्हटलं, "म्हणाला नाही, म्हणाली." तिनं बूट पायात चढवले.

११ तारीख, सोमवार

फोटो पानावरून काढला. उशीर झालाय. घागर उताणी पडल्यावर बुड धरून काय उपयोग?

वरची हॉस्टेल सोडून गेली. गेली म्हणजे खालीच गेली. दुकानदारणीनं तिला पडद्यामागे, गठ्ठ्यांत जागा दिली. पलीकडच्या गावी त्या बाईची बहीण आहे, तिचं शिवणकामाचं दुकान आहे. तिकडे माल नेणारी गाडी शुक्रवारी पहाटे निघते, त्यातून हिला पाठवायचं ठरलंय. मॅनेजरला मी सांगितलं, "ती गेली." कुठे ते सांगितलं नाही. पण ती खालच्या दुकानात कामाला होती हे त्याला ठाऊक आहे, आणि त्याच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही.

मी काय करू? पोलिसांकडे जाऊ का विचारलं. वरची म्हणाली, "तिथे नाव सांगावं लागतं." सगळ्याला तिच्याकडे चार शब्दांचं उत्तर असतं आणि माझ्याकडे चाळीस शब्दांचा प्रश्न.

१४ तारीख, गुरुवार

तो आला.

दुपारी मी सामाईक खोलीत बसले होते. दारात एक तरुण. नीटनेटका, मऊ आवाज, प्रवासानं चुरगळलेला पांढरा शर्ट. आला तो सरळ माझ्या पाया पडला.

"ताई! मी तुमचा वाचक. चाफा."

मी म्हटलं, "तू पुरुष आहेस."

"बहिणीच्या नावानं लिहितो. बायकांच्या पानावर पुरुषाला कोण बोलू देतं?" आणि हसला. मी काही म्हणायच्या आत त्यानं माझ्या खांद्याला खांदा लावला, मोबाईल वर धरला आणि आमच्या दोघांचा फोटो काढला. म्हटलं, "अरे, विचारायचं तरी." तो म्हणाला, "चांगला आलाय, बघा तरी." तोवर त्यानं तो टाकलाही होता. खाली लिहिलं होतं, "ओळखा पाहू, आम्ही कुठे भेटलो?"

मग तो सांगायला लागला. फोटोतली त्याची बायको आहे. डोक्यानं जरा हलकी. गोळ्या चुकल्या की घरातून निघून जाते. तिला वाटतं कुणीतरी मागावर आहे. बूट उशाशी घेऊन झोपते. रोज वाट बदलते. फोटो काढू देत नाही. "ही लक्षणं तुम्हीही पाहिली असतील ताई, तुम्ही सुशिक्षित आहात."

पाहिली होती. या वहीतच लिहिलेली आहेत. मी त्यांना स्वातंत्र्य म्हटलं होतं. ती त्यांना काहीच म्हणाली नव्हती. आता हा त्यांना आजार म्हणतोय, आणि एकेक गोष्ट चपखल बसतेय. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं, मी जवळून पाहिलं. म्हणाला, "मी तुमचं ते वाक्य रोज वाचतो. जगाकडे पाठ. किती खरं आहे!"

मी विचारलं, "गोळ्यांचं नाव काय?" त्यानं एक नाव सांगितलं. मला त्यातलं काय कळतं? "डॉक्टर कोण?" तेही सांगितलं. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार. आणि तिच्याकडून आलेलं माझ्याजवळ काय होतं? मी नको म्हटलं होतं. एवढंच.

"कुठे आहे ती?" त्यानं विचारलं.

"गेली. मला सांगून नाही गेली."

मी अशी सरळ तोंडावर खोटं बोलणारी बाई नाही. संप फसला तेव्हासुद्धा मी माझ्या माणसांना तो फसला असंच सांगितलं होतं.

"बरं," तो म्हणाला. "मी वरच्या मजल्यावर, पुरुषांच्या खोलीत पलंग घेतलाय. थांबतो चार दिवस. गल्लीत विचारीन." मग स्वतःच्या शर्टाकडे पाहून मॅनेजरला म्हणाला, "इथे जवळपास इस्त्री करून मिळेल का?"

मॅनेजर खूश झाला. "हो हो, इथेच खाली, तिथेच तर ती—"

"मी करते!" मी ओरडले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "दे तो शर्ट. हॉस्टेलची इस्त्री आहे की इथे. खाली कशाला जातोस? ते लोक कपडे जाळतात. माझा एक ब्लाउज जाळला परवाच."

माझं लग्न ठरलं तेव्हा मी एकच अट घातली होती: पुरुषाच्या कपड्यांना इस्त्री करणार नाही. ह्यांनी ती आजवर पाळली, सासूबाई तेवढ्यासाठी वर्षभर बोलल्या नाहीत. आणि मी त्या माणसाचा शर्ट फळीवर पसरला. तो अंगातल्या बनियनवर समोर उभा. मॅनेजर तोंड उघडायला गेला की मी पाणी मागत होते, वायर धरायला सांगत होते, त्याच्या देशातल्या हवेबद्दल विचारत होते. पाठीचा भाग झाला, बाह्या झाल्या.

"कॉलर उलटीकडून आधी," तो म्हणाला. "तिलाही कितीदा सांगावं लागायचं."

"मला येतं रे."

"असं नाही. असं." त्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि इस्त्री कॉलरवर दाबली. अलगदच. दुखलं नाही. मी मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं, पण बोलण्यासारखं काय घडलं होतं? एक मुलगा एका म्हातारीला इस्त्री शिकवत होता. फक्त मला हात काढून घ्यायला जागा नव्हती, आणि कापडाला वास येईपर्यंत त्यानं तो उचलला नाही.

"बघा," म्हणाला, "तुमच्यामुळे डाग पडला."

शर्ट घालून तो आभार मानून वर झोपायला गेला. दमला होता बिचारा, असं मॅनेजर म्हणाला. मी खाली उतरणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर संध्याकाळभर बसून राहिले. मॅनेजरनं विचारलं, "बाई, इथे का?" म्हटलं, "गुडघे दुखतात." मग त्याला शेजारी बसवून जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. त्यानं उठून पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "मी खालचं दुकान कधी पाहिलंच नाही." एवढं बोलून माझ्यापेक्षा खालच्या पायरीवर बसला.

खरं कुणाचं? अजून मला माहीत नाही. तो खरा असेल, तर मी एका आजारी बाईला तिच्या घरापासून तोडलं. सगळी पुस्तकं आठवून पाहिली, एकही कामाचं नाही. पण एक सरळ हिशेब दिसतो. ती आजारी असेल तरी तिचं "नको" हे "नको"च आहे. एकदा ते ऐकलं नाही, त्याचं काय झालं ते मी जिन्यावर बसून पाहतेय. दुसऱ्यांदा मी त्या "नको"पुढे जास्त शिकलेली होऊन दाखवणार नाही.

१५ तारीख, शुक्रवार

गाडी गेली. दुकानदारणीनं सकाळी शटर वर करताना माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. वरची जाताना मला भेटली नाही. भेटायला हवं होतं असं म्हणायचा अधिकार मला नाही.

ह्यांना फोन केला. सगळं सांगितलं.

"तुम्ही म्हणाला होतात," मी म्हटलं.

"मी काय म्हटलं होतं, ते मलाच तेव्हा कळलं नव्हतं," म्हणाले. "हाताला काही झालंय का?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

"कुठे रडतेय?"

"बरं, रडत नाहीयेस," म्हणाले, आणि फोन तसाच चालू ठेवून बसले.

लेकीचा फोन नंतर आला. "आई, पान बघितलंस का?"

बघितलं. त्या माणसानं काल रात्रीच टाकलं आहे. मी काढलेला तो खिडकीचाच फोटो, माझं वाक्य पुसून त्या जागी लाल अक्षरांत: "हरवली आहे. मनोरुग्ण. मैत्रिणींनो, ताईंचा खेळ खेळता ना? आता खरा खेळ. हिला शोधा." खाली आमचा खांद्याला खांदा लावलेला फोटो, म्हणजे मी त्याच्या बाजूनं. आणि माझ्या मैत्रिणी शोधायला लागल्या आहेत! चांगल्या मनानं, जीव तोडून. कुणी बसमार्ग काढले, कुणी आसपासच्या गावांच्या नावांची यादी केली. एकीनं लिहिलंय, "ताईंसाठी काहीही!" खांबावरून शहर सांगणाऱ्या बायका आहेत त्या. मीच तयार केल्या. त्यांना वेणी सापडायला किती वेळ लागेल?

तीन मसुदे फाडले. पहिल्यात माझं समर्थन होतं, दुसऱ्यात त्याच्यावर आरोप होते, ते मला सिद्ध करता येणार नाहीत. तिसऱ्यात ती कुठल्या दिशेला गेली याचा नुसता वास होता, तोही नको. हे चौथं टाकते आहे.

मैत्रिणींनो,

तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या हरवलेल्या वस्तू शोधून दिल्या आहेत. किल्ल्या, चष्मे, मोजे, कागद. घरात कुणी "कुठे आहे?" म्हणून ओरडलं की तुम्ही हातातलं काम टाकून उठता. ही सवय कुणाच्या सोयीची आहे, ते तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. काल एकानं तुम्हाला तशीच हाक मारली आणि तुम्ही तशाच उठलात. माझ्यावरच्या प्रेमानं उठलात, म्हणून मीच थांबवते आहे.

ती हरवलेली नाही. ती गेली आहे.

तो फोटो मी तिच्या परवानगीशिवाय काढला. तिनं नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. त्याच्या शेजारचा माझा फोटोही मला न विचारता काढलेला आहे. मी त्या माणसाच्या बाजूनं नाही. याहून जास्त मी तुम्हाला सांगणार नाही. "कारण विचारल्याशिवाय कुणाचं काही ऐकू नका," असं मी तुम्हाला वर्षानुवर्षं सांगत आले. आज कारण माझ्याजवळ आहे आणि ते मी देणार नाही, कारण ते माझं नाही. माझ्यावर रागवा, मला सोडून जा, पण जायच्या आधी एक काम करा.

ओळखायचा खेळ आजपासून बंद. नकाशे मिटा, याद्या थांबवा. आणि खिडकीत पाठमोऱ्या बसलेल्या त्या बाईचा फोटो, गुलाबाचा असो की लाल अक्षरांचा, तुमच्या मोबाईलमध्ये, तुमच्या भावाच्या, जावेच्या, भिशीच्या गटात, जिथे जिथे तुम्ही पाठवला असेल तिथे जाऊन, आत्ता, हे वाचता वाचता, पुसून टाका.